ब्राउझरमधल्या ‘पानात शोधा’चे कीबोर्ड शॉर्टकट बदलणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उघडलेल्या पानात एखादा शब्द शोधण्यासाठी कंट्रोल+एफ दाबतात, हे बहुतेकांना माहीत असतं. ही कळ बदलायची असेल, एखादी साइट ती पळवत असेल किंवा मराठी कीबोर्ड चालू असताना काहीच होत नसेल, तर काय करायचं ते इथे दिलं आहे. सगळी माहिती डेस्कटॉप आणि लॅपटॉपवरच्या ब्राउझरची आहे. अंतर्गत पानांचे पत्ते आणि सेटिंगची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करा.

कंट्रोल+एफ बदलता येतो का?

ब्राउझर कोणता आहे त्यावर ठरतं. विवाल्डी, ब्रेव्ह आणि ऑपेरात सेटिंगमधूनच बदलता येतो. क्रोम आणि एजमध्ये ब्राउझरच्या स्वतःच्या शॉर्टकटना हात लावता येत नाही, तिथे काम बाहेरून करावं लागतं. मॅकवर सफारीसकट जवळजवळ सगळ्या ब्राउझरसाठी ही सोय मॅकओएसच देते. फायरफॉक्स मधेच कुठेतरी आहे, त्याचं उत्तर खाली स्वतंत्र दिलं आहे.

बदलण्याआधी, मुळात कोणत्या कळा मिळतात?

हे आधी पाहून घ्या. पुष्कळांना नवी कळ नको असते, असलेलीच ठाऊक नसते.

विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल+एफने शोधपट्टी उघडते. पुढच्या जुळणीवर जायला एंटर, एफ३ किंवा कंट्रोल+जी, आणि मागच्या जुळणीसाठी त्याच कळांना शिफ्टची जोड. एस्केपने पट्टी बंद होते. पट्टी बंद असली तरी एफ३ शेवटचा शब्द पुन्हा शोधतो, म्हणजे एकदा शोधलेल्या शब्दासाठी पट्टी सारखी उघडायची गरज नाही. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. तिथे आणखी एक सोय आहे: मजकूर निवडून कमांड+ई दाबलं की तो शोधशब्द होतो आणि कमांड+जीने त्याच्या जुळण्या सापडत जातात. हा शोधशब्द मॅकच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये सामायिक असतो. ब्राउझरमध्ये ठरवलेला शब्द टेक्स्टएडिटमध्येही कमांड+जीने शोधता येतो.

फायरफॉक्समध्ये याशिवाय दोन एकेरी कळा आहेत. / दाबली की खाली छोटी झटपट शोधपट्टी येते. ' म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह दाबलं तर फक्त लिंकच्या मजकुरात शोध होतो आणि एंटर मारला की ती लिंक उघडते. लांबलचक यादीतून ‘डाउनलोड’ शोधून उघडायला माउस लागतच नाही. ही छोटी पट्टी काही सेकंद टायपिंग थांबलं की आपोआप मिटते. ती बिघडलेली नाही, तिचा स्वभावच तसा आहे.

कळ दाबली की ती आधी कोणाकडे जाते? हे कळून काय उपयोग?

‘शॉर्टकट चालत नाही’ या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं, म्हणून थोडं सविस्तर.

कळ सर्वात आधी ऑपरेटिंग सिस्टीमकडे जाते. तिथे कळा बदलणारा एखादा प्रोग्रॅम चालू असेल तर तो ती उचलतो आणि पुढच्या कोणाला पत्ताही लागत नाही. तिथून सुटलेली कळ ब्राउझरकडे येते. काही कळा ब्राउझर कोणालाच देत नाही. उदाहरणार्थ, साध्या टॅबमध्ये क्रोम कंट्रोल+टी, कंट्रोल+एन आणि कंट्रोल+डब्ल्यू पानापर्यंत पोहोचूच देत नाही, नाहीतर एखाद्या साइटने टॅब बंद करणंच अडवलं असतं. कंट्रोल+एफ मात्र या राखीव यादीत नाही. ती आधी पानाला दाखवली जाते. पानाने ‘मी घेतली’ म्हटलं की ब्राउझर गप्प बसतो. पानाने सोडली तरच ब्राउझरची शोधपट्टी उघडते.

यावरून दोन गोष्टी ठरतात. साइट कळ पळवते म्हणून सिस्टीमच्या पातळीवर एफ८ला कंट्रोल+एफ नेमून भागत नाही, कारण शेवटी पानाला कंट्रोल+एफच मिळतो आणि तो पुन्हा पळवला जातो. आणि तुम्हाला फक्त वेगळी कळ हवी असेल तर साइटशी भांडणाऱ्या युक्त्यांची गरज नाही, सिस्टीमच्या पातळीवर काम होतं. आधी आपली अडचण यातली कोणती ते ठरवा, मग साधन निवडा.

विवाल्डी, ब्रेव्ह आणि ऑपेरात नेमकं कुठे जायचं?

विवाल्डी: सेटिंग्ज, मग कीबोर्ड. वरच्या शोधचौकटीत ‘फाइंड’ लिहा, म्हणजे शेकडो आज्ञांमधून पानात शोधण्याच्या तेवढ्या समोर येतील. त्या चौकटीत क्लिक करून हवी ती कळ प्रत्यक्ष दाबा. एका आज्ञेला एकाहून जास्त कळा देता येतात, त्यामुळे जुनी कंट्रोल+एफ काढायचं कारण नाही. फायरफॉक्ससारखी नुसती / हवी असेल तर त्याच पानावरचा ‘सिंगल की शॉर्टकट्स’ हा पर्याय चालू करावा लागतो. तो बंद असताना एकेरी कळ नेमूनही काही होत नाही.

ब्रेव्ह: अ‍ॅड्रेस बारमध्ये ब्रेव्ह://सेटिंग्ज/सिस्टम/शॉर्टकट्स. इथेही शोधचौकट आहे.

ऑपेरा: सेटिंग्जमध्ये ‘शॉर्टकट्स’ शोधा आणि शॉर्टकट ठरवण्याच्या पानावर जा.

फायरफॉक्समध्ये काय काय बदलता येतं?

अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट:कीबोर्ड टाकून पाहा. पान उघडलं तर तुमची आवृत्ती पुरेशी नवी आहे आणि शोधाच्या कळा तिथेच बदलता येतील. उघडलं नाही तर खालच्या युक्त्या आहेत.

सेटिंग्ज, जनरल, ब्राउझिंग या भागात ‘सर्च फॉर टेक्स्ट व्हेन यू स्टार्ट टायपिंग’ असा चौकोन आहे. त्यावर खूण केली की कोणतीही कळ न दाबता, पानावर सरळ अक्षरं टाइप केली तरी शोध सुरू होतो. वाचनासाठी झकास, पण ज्या साइटवर एकेरी अक्षरांचे शॉर्टकट आहेत तिथे गोंधळ होतो.

बाकीचं अबाउट:कॉन्फिग या पानावर. इशारा येईल, तो स्वीकारून वरच्या चौकटीत ‘टाइपअहेडफाइंड’ शोधा. यातल्या टाइमआउट या नोंदीत झटपट पट्टी किती मिलिसेकंदांनी मिटावी हे असतं. १०००० लिहिलं की दहा सेकंद थांबेल. ‘प्रीफिलविथसिलेक्शन’ ट्रू केलं की निवडलेला मजकूर पट्टीत आपोआप भरला जातो. आणि ‘फाइंडबार.हायलाइटऑल’ ट्रू ठेवलं की सगळ्या जुळण्या दर वेळी रंगवल्या जातात.

याच पानावरच्या ‘यूआय.की.अ‍ॅक्सेलकी’ या नोंदीचा सल्ला अनेकजण देतात. तिथे १७ म्हणजे कंट्रोल आणि १८ म्हणजे ऑल्ट. पण ही नोंद एका शॉर्टकटची नाही, सगळ्यांची आहे. १८ लिहिलंत की नवा टॅब ऑल्ट+टी होतो, कॉपी-पेस्टची सवय मोडते आणि ऑल्ट+एफ फाइल मेनूच्या कळीवर आदळतो. फक्त शोधाची कळ बदलायची असेल तर या वाटेला जाऊ नका.

जुने लेख वाचून अ‍ॅड-ऑन शोधत असाल तर एक लक्षात ठेवा: नोव्हेंबर २०१७मध्ये आलेल्या फायरफॉक्स ५७ने जुन्या पद्धतीची सगळी अ‍ॅड-ऑन बंद केली. ब्राउझरचे शॉर्टकट वाटेल तसे बदलणारी अ‍ॅड-ऑन त्यातच गेली.

क्रोमसाठी एखादं एक्स्टेंशन नाही का?

क्रोम://एक्स्टेंशन्स/शॉर्टकट्स असं पान आहे खरं, पण तिथे फक्त एक्स्टेंशनच्या कळा ठरवता येतात, क्रोमच्या नाहीत. आणि क्रोमची स्वतःची शोधपट्टी उघडण्याची सोय एक्स्टेंशनना दिलेलीच नाही. म्हणून ‘शोधा’ची एक्स्टेंशन पानावर स्वतःची वेगळी चौकट काढतात. रेग्युलर एक्स्प्रेशनने शोधणं, एकाच वेळी चार शब्द चार रंगांत रंगवणं असली कामं हवी असतील तर ती उपयोगी आहेत. नुसती कळ बदलायला नाहीत.

त्या पानावर कळ नेमताना कंट्रोल किंवा ऑल्ट असावाच लागतो, आणि कंट्रोल+ऑल्ट एकत्र स्वीकारलं जात नाही. कारण विंडोज कंट्रोल+ऑल्टला उजवीकडच्या ऑल्ट-जीआर कळीसारखंच वागवतं. इंग्रजी (भारत) कीबोर्डवर ऑल्ट-जीआर+४ने ₹ उमटतो, म्हणजे कंट्रोल+ऑल्ट+४नेही तोच उमटणार.

जाता जाता: सेटिंग्जमधली ‘साइट सर्च’ची यादी हा वेगळाच प्रकार आहे. तिथले शॉर्टकट अ‍ॅड्रेस बारमधून एखाद्या साइटवर शोधण्यासाठी असतात, उघडलेल्या पानात शोधण्यासाठी नाहीत.

मग विंडोजवर क्रोम किंवा एजची कळ कशी बदलायची?

सर्वात सरळ मार्ग मायक्रोसॉफ्टचं मोफत पॉवरटॉइज. त्यातलं कीबोर्ड मॅनेजर चालू करा आणि शॉर्टकट रीमॅप करण्याचा पर्याय उघडा. एका बाजूला तुम्हाला हवी असलेली कळ, समजा ऑल्ट+एस, आणि दुसऱ्या बाजूला कंट्रोल+एफ नोंदवा. ‘टार्गेट अ‍ॅप’च्या रकान्यात ब्राउझरच्या प्रोसेसचं नाव लिहा: क्रोमसाठी क्रोम, फायरफॉक्ससाठी फायरफॉक्स. एजचं नाव मात्र नुसतं एज नाही, त्याच्या आधी एम आणि एस जोडलेले असतात. हा रकाना रिकामा ठेवलात तर बदल वर्ड, एक्सेल सगळीकडे लागू होतो.

तीन गोष्टी नडतात. शॉर्टकटची सुरुवात कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट किंवा विंडोज कळीनेच व्हावी लागते. एकटी एफ८ हवी असेल तर ‘की रीमॅप’ वापरावं लागतं आणि ते एका अ‍ॅपपुरतं राहत नाही. दुसरं, पॉवरटॉइज मागे चालू असेल तरच बदल टिकतो, म्हणून संगणक सुरू होताना ते सुरू होईल असं ठेवा. तिसरं, ब्राउझर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडला असेल तर साध्या अधिकारांवरच्या पॉवरटॉइजचा त्याच्यापुढे इलाज चालत नाही.

ऑटोहॉटकी चांगलं की पॉवरटॉइज?

एक-दोन कळांसाठी पॉवरटॉइज. ‘शोध उघड, त्यात क्लिपबोर्डवरचा शब्द टाक आणि एंटर मार’ अशी साखळी एका कळीवर हवी असेल तर ऑटोहॉटकी, म्हणजे कळांसाठी छोट्या स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम.

त्याच्या भाषेत ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे ऑल्ट, + म्हणजे शिफ्ट आणि # म्हणजे विंडोज कळ. डावीकडे तुमची कळ, मध्ये ::, उजवीकडे पाठवायची कळ. नेटवरून स्क्रिप्ट उचलताना आवृत्ती पाहा. दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२मध्ये आली आणि तिची वाक्यरचना पहिलीपेक्षा वेगळी आहे. ठरावीक खिडकीपुरती अट घालायला पहिल्या आवृत्तीत ‘इफविनअ‍ॅक्टिव्ह’ होतं, दुसरीत ‘हॉटइफ’ आहे. जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत टाकली की पहिल्याच ओळीवर चूक दाखवते ती यामुळे.

अशी साखळी खुद्द कंट्रोल+एफवरच बसवली आणि तिच्यातही कंट्रोल+एफ पाठवायचा असेल तर स्क्रिप्ट स्वतःलाच हाक मारत राहते. कळीच्या आधी $ लावला की हे थांबतं. आणि मराठी-इंग्रजी लेआउट सारखा बदलत असाल तर अक्षराऐवजी कळीचा स्कॅन कोड द्या. एफच्या कळीचा कोड एससी०२१. लेआउट कोणताही असो, तो तोच राहतो.

मॅकवर?

सिस्टम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, अ‍ॅप शॉर्टकट्स. + दाबा, ब्राउझर निवडा, मेनूतल्या आज्ञेचं नाव लिहा आणि नवी कळ दाबा.

बहुतेकजण अडकतात ते नाव लिहिताना. मेनूत दिसतं ते नाव अक्षरशः तसंच लागतं. ‘फाइंड…’मधली तीन टिंबं म्हणजे तीन पूर्णविराम नव्हेत, ते एकच चिन्ह आहे. इंग्रजी कीबोर्डवर ते ऑप्शन+; ने येतं. सारख्या नावाच्या दोन आज्ञा असतील तर मेनूचा पूर्ण मार्ग द्यायचा, एडिट->फाइंड->फाइंड… असा, मध्ये मोकळी जागा न सोडता. आणि ब्राउझरचा मेनू मराठीत दिसत असेल तर नावही मराठीतच, जसं दिसतं तसं लिहायचं. मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.

लिनक्सवर कोणतं साधन?

आधी सत्र एक्स११चं आहे की वेलँडचं ते पाहा (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या या दोन व्यवस्था). एक्सबाइंडकीज आणि एक्सडूटूल ही जुनी जोडी एक्स११वरच नीट चालते. तिथेही तुमच्या शॉर्टकटमध्ये ऑल्ट असेल तर एक्सडूटूल कंट्रोल+एफ पाठवतं तेव्हा तुमचं बोट अजून ऑल्टवरच असतं, आणि ब्राउझरला कंट्रोल+ऑल्ट+एफ मिळतो. ‘क्लिअरमॉडिफायर्स’ हा पर्याय जोडला की हे टळतं. वेलँडवर कीडी किंवा एक्सरीमॅप वापरा. ती कर्नलकडून येणाऱ्या कळाच बदलतात, त्यामुळे वरचं सत्र कोणतं याने फरक पडत नाही. अ‍ॅपनुसार वेगळी नेमणूक एक्सरीमॅपमध्ये सोपी आहे.

विमियममध्ये शोधाची कळ कशी बदलू?

विमियम हे ब्राउझर कीबोर्डनेच चालवण्याचं एक्स्टेंशन. त्यात / ने शोध सुरू होतो, एनने पुढची जुळणी, शिफ्ट+एनने मागची. बदलण्यासाठी एक्स्टेंशनच्या ऑप्शन्समधल्या ‘कस्टम की मॅपिंग्ज’च्या चौकटीत एकेका ओळीत आज्ञा लिहायची. ऑल्ट+एससाठी ओळ अशी: मॅप <ए-एस> एंटरफाइंडमोड. आज्ञेचं नाव सलग लिहायचं, फक्त फाइंड आणि मोड यांची पहिली अक्षरं मोठी. जुनी कळ काढायला: अनमॅप /. कंट्रोलसाठी ए-च्या जागी सी-.

विमियमचा शोध नव्या टॅबच्या पानावर, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये आणि क्रोम वेब स्टोअरवर चालत नाही, कारण एक्स्टेंशनना तिथे प्रवेशच नाही. संगणकावर साठवलेल्या एचटीएमएल फाइलींवर हवा असेल तर एक्स्टेंशनच्या तपशील पानावर ‘अलाऊ अ‍ॅक्सेस टू फाइल यूआरएल्स’ चालू करा.

फायरफॉक्सवर ट्रायडॅक्टिल हे तशाच प्रकारचं एक्स्टेंशन बसवल्यावर कंट्रोल+एफने शोध उघडायचा बंद होतो आणि पान खाली सरकतं. व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये ही कळ पान सरकवते, म्हणून ट्रायडॅक्टिलनेही ती घेतली आहे. : दाबून अनबाइंड <सी-एफ> लिहिलं की जुना शोध परत येतो.

साइटच कंट्रोल+एफ पळवते. काय करू?

सोप्यापासून अवघडाकडे जा.

आधी एफ३ दाबून पाहा. कंट्रोल+एफ अडवणाऱ्या पुष्कळ साइट एफ३ विसरलेल्या असतात. ते नाही चाललं तर कंट्रोल+एल दाबून अ‍ॅड्रेस बारमध्ये जा आणि मग कंट्रोल+एफ दाबा. लक्ष पानाबाहेर असल्यामुळे कळ पानाकडे जातच नाही. काही साइटवर कंट्रोल+एफ दुसऱ्यांदा दाबला की ब्राउझरची पट्टी उघडते. आणि ब्राउझरच्या मेनूतलं ‘शोधा’ तर कोणीच पळवू शकत नाही.

रोजचीच साइट असेल तर कायमचा उपाय फायरफॉक्समध्ये आहे. त्या पानावर कंट्रोल+आय दाबा, ‘परमिशन्स’मध्ये जाऊन ‘ओव्हरराइड कीबोर्ड शॉर्टकट्स’ला ब्लॉक करा. सगळ्याच साइटना बंदी घालायची तर अबाउट:कॉन्फिगमध्ये ‘परमिशन्स.डिफॉल्ट.शॉर्टकट्स’ला २ द्या. पण मग ऑनलाइन एडिटरमध्ये कंट्रोल+बी वगैरे भलतंच करू लागतात, म्हणून साइटनिहाय बंदी बरी.

पण एकदा हेही पाहा की साइटने कळ का घेतली आहे. गूगल डॉक्सने २०२१मध्ये मजकूर कॅनव्हासवर, म्हणजे चित्रासारखा, चितारायला सुरुवात केली, त्यामुळे ब्राउझरच्या शोधाला तिथे वाचण्यासारखा मजकूरच सापडत नाही. हजारो ओळींच्या याद्या दाखवणाऱ्या साइट समोर दिसतात तेवढ्याच ओळी पानात ठेवतात. वर-खाली सरकवलं की जुन्या जातात, नव्या येतात. अशा ठिकाणी ब्राउझरचा शोध ‘०/०’ दाखवेल आणि तुम्हाला वाटेल शब्दच नाही. तिथे साइटचाच शोध वापरा.

एकेरी कळांचा त्रास असेल, म्हणजे / दाबताच साइटची शोधचौकट उघडत असेल, तर साइटच्या सेटिंग्जमध्ये डोकवा. जीमेलमध्ये कीबोर्ड शॉर्टकट बंद करता येतात. गिटहबवर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या पानावर ‘कॅरेक्टर कीज’ बंद करता येतात. असा पर्याय द्यावा असं २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शिकेच्या २.१.४ या निकषातच म्हटलं आहे. साइटवाल्यांना तक्रार लिहाल तर हा क्रमांक जरूर द्या.

क्रोममध्ये साइटला अडवण्याचा कायमचा उपाय नाही?

आहे, यूजरस्क्रिप्टचा, म्हणजे पानावर आपली छोटी स्क्रिप्ट चालवण्याचा. त्यासाठी टॅम्परमंकी हे एक्स्टेंशन बसवा. नव्या क्रोममध्ये त्याच्या तपशील पानावर ‘अलाऊ यूजर स्क्रिप्ट्स’ चालू करावं लागतं, त्याशिवाय एकही स्क्रिप्ट चालत नाही आणि तसं नीट सांगितलंही जात नाही.

स्क्रिप्टचं काम चार ओळींचं आहे: विंडोवर कीडाउनचा लिसनर लावा, कॅप्चर ट्रू ठेवा, कंट्रोल दाबलेला असून कळ एफची असेल तर ‘स्टॉपइमिजिएटप्रोपगेशन’ करा. ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ करू नका, नाहीतर ब्राउझरचीही पट्टी उघडणार नाही. ‘रन-अ‍ॅट’ डॉक्युमेंट-स्टार्ट ठेवा. साइटचा लिसनर आधी लागला तर तुमचा उशिरा पोहोचतो आणि काहीच बदलत नाही. हीच सर्वात जास्त होणारी चूक.

कळ ओळखताना ‘की’ तपासू नका, ‘कोड’ तपासा आणि तो ‘कीएफ’ आहे का पाहा. मराठी इन्स्क्रिप्ट चालू असताना त्या कळीची ‘की’ ‘ि’ येते, एफ येत नाही. ‘कोड’ कळीची जागा सांगतो, तो लेआउटने बदलत नाही.

मराठी कीबोर्ड चालू असला की / आणि एन चालत नाहीत. का?

कारण त्या कळा तेव्हा / आणि एन नसतातच. इन्स्क्रिप्टमध्ये / च्या जागी ‘य’ आहे, ' च्या जागी ‘ट’ आणि एनच्या जागी ‘ल’. फायरफॉक्सला ‘य’ मिळतो आणि तो शोध उघडत नाही. विंडोजवर कंट्रोल+एफ मात्र इन्स्क्रिप्टमध्येही चालतो, कारण कंट्रोलबरोबरच्या शॉर्टकटसाठी त्या कळीची मूळ ओळख एफच राहते.

विमियममध्ये ‘इग्नोर कीबोर्ड लेआउट’ असा पर्याय आहे, तो चालू करा. फायरफॉक्समध्ये सरळ कंट्रोल+एफची सवय लावा.

विंडोजमध्ये ‘प्रगत कीबोर्ड सेटिंग्ज’मध्ये प्रत्येक अ‍ॅपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी असं राहतं, आणि शोधपट्टी उघडल्यावर पहिलं अक्षर भलतंच उमटत नाही.

पट्टी उघडते, शब्द समोर दिसतोय, तरी सापडत नाही!

हा शॉर्टकटचा दोष नाही, पण हा प्रश्न हटकून येतो.

मराठीत सारखी दिसणारी अक्षरं आतून वेगळी असू शकतात. ‘ॲप’मधला ॲ हे एकच युनिकोड अक्षर आहे, किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही तो बनवता येतो. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह नुक्ताधारी ऱ वापरून लिहिलेला असतो किंवा साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला फरक नाही, पण दोन्हींची जुळणी होईलच असं नाही, ते ब्राउझरगणिक बदलतं. उपाय असा की वादग्रस्त अक्षर वगळून शोधायचं: ‘ॲप्लिकेशन’ऐवजी ‘प्लिकेशन’, ‘कऱ्हाड’ऐवजी ‘हाड’.

पीडीएफ असेल तर आणखी शंका घ्या. त्यातला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आलं तर ठीक. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला तर फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली आहे, आणि युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द त्यात कधीच सापडणार नाही. गंमत म्हणजे तोच कचरा शोधपट्टीत चिकटवला तर तो शब्द फाइलभर सापडतो. काहीच कॉपी झालं नाही तर ते स्कॅन केलेलं चित्र आहे, त्याला आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लागेल. युनिकोडमधल्या काही पीडीएफमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. तिथे वेलांटी नसलेला शब्दाचा तुकडा शोधा.

नवी कळ कोणती निवडावी?

ऑल्ट+शिफ्ट+एफ टाळा. विकिपीडियावर, मराठी विकिपीडियासकट, ती साइटच्या शोधचौकटीकडे नेते. शिवाय विंडोजवर डावा ऑल्ट+शिफ्ट भाषा बदलतो, त्यामुळे एफ दाबायच्या आधी बोट उचललं गेलं तर मराठी-इंग्रजीची अदलाबदल होते. विंडोज+एल आणि कंट्रोल+ऑल्ट+डिलीट बदलता येत नाहीत. कंट्रोल+के, कंट्रोल+ई या बहुतेक ब्राउझरमध्ये वेबवर शोधायच्या कळा आहेत. एकाच हाताने, माउस न सोडता दाबायची असेल तर ऑल्ट+एस किंवा ऑल्ट+क्यू सोयीची पडते.

लॅपटॉपवर एफ३ दाबलं की आवाज किंवा प्रकाश कमी-जास्त होतो.

वरच्या ओळीतल्या कळांना लॅपटॉपने दुसरी कामं दिलेली असतात. एफएन+एफ३ दाबा. अनेक लॅपटॉपवर एफएन+एस्केपने ही अदलाबदल कायमची होते. काहींवर बायोसमध्ये जावं लागतं. एचपीत त्या पर्यायाचं नाव ‘अ‍ॅक्शन कीज मोड’ असतं. एफएन कळ बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमला दिसतच नाही, म्हणून ती पॉवरटॉइजमध्ये नेमायचा प्रयत्न करू नका.

ऑफिसच्या संगणकावर काहीच इन्स्टॉल करता येत नाही.

फायरफॉक्स असेल तर अबाउट:कॉन्फिगमधले बदल तुमच्या प्रोफाइलमध्येच राहतात, त्यांना अ‍ॅडमिनचे अधिकार लागत नाहीत. मात्र आयटी विभागाने ते पानच बंद केलेलं असू शकतं. नाहीतर क्यूएमके किंवा व्हीआयए (कीबोर्डच्याच कळा नव्याने नेमू देणारी सॉफ्टवेअर) चालणारा यूएसबी कीबोर्ड आणा. त्यात एका कळीवर कंट्रोल+एफ घरीच नेमून ठेवता येतो. नेमणूक कीबोर्डच्या स्मृतीत राहते, संगणकाला तो साधा कीबोर्डच दिसतो.

सगळं पूर्ववत कसं करायचं?

विवाल्डी आणि ब्रेव्हमध्ये त्याच पानावर मूळ कळा परत आणायचं बटण आहे. फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिगमध्ये ‘केवळ बदललेल्या नोंदी दाखवा’वर खूण करा आणि नोंदीशेजारचा वळलेला बाण दाबा. मॅकवर यादीतली ओळ निवडून −. पॉवरटॉइज आणि ऑटोहॉटकी नुसते बंद केले की मूळ कळा त्याच क्षणी परत येतात. बिघाड तुमच्या बदलामुळे आहे की साइटमुळे, हे तपासायलाही हीच पहिली पायरी.